सोंगाड्याचा सवाल

तमाशा हा शब्द उच्चारला की शिकल्यासवरल्या माणसांच्या कपाळावर अजूनही एक बारीकशी आठी उमटते. ढोलकी, चाळ, उडणारे फेटे आणि शिट्या, एवढेच चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे येते. पण श्रोतेहो, तमाशात एक पात्र असे आहे की ज्याच्या पायात चाळ नाहीत, कमरेला तलवार नाही, आणि तरीही राजा त्याला वचकून असतो. ते पात्र म्हणजे सोंगाड्या. ह्या सोंगाड्याला फडावरून उचलून ज्यांनी थेट गिरणीच्या दारात, निवडणुकीच्या धामधुमीत आणि मंत्र्याच्या दौऱ्यात नेऊन उभे केले, त्या शाहीर अण्णा भाऊ साठे यांच्याविषयी आणि त्यांच्या साथीदारांविषयी आज चार शब्द सांगायचे आहेत.

ही कहाणी समजायची तर आधी तमाशाचा घाट ध्यानात घ्यायला हवा. गावाकडच्या श्रोत्यांना तो तोंडपाठ आहे. शहरात वाढलेल्या शिक्षकबंधूंसाठी थोडक्यात सांगतो. आरंभी डफ-तुणतुण्यावर गण होतो, म्हणजे गणपतीला वंदन. मग गौळण : मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, वाट अडवणारा कृष्ण, त्याचा सवंगडी पेंद्या आणि ती फटकळ मावशी. त्यानंतर बतावणी, म्हणजे हजरजबाबी संवाद. आणि शेवटी वग, म्हणजे एखादी कथा, बहुधा राजाराणीची. गणाचे आणि लावणीचे शब्द ठरलेले असतात. बतावणीतले आणि वगातले बोलणे मात्र नट जागच्या जागी रचतात. आज पाटलाच्या वाड्यापुढे खेळ असेल तर एक विनोद, उद्या बाजारतळावर असेल तर दुसरा.

ह्या बोलण्यातच सोंगाड्याची सगळी सत्ता. राजाने हुकूम सोडावा आणि सोंगाड्याने त्याचा शब्दाला शब्द अर्थ करून हुकमाचीच फजिती करावी, ही जुनी रीत. पण एक गंमत बघा. वगातला राजा असायचा कुठल्या तरी दूरच्या नगरीचा, कुठल्या तरी जुन्या काळचा. त्यामुळे पुढच्या रांगेत बसलेला सावकारही पोट धरून हसायचा. टोला राजाला बसे. सावकाराच्या अंगाला काही लागत नसे. अण्णा भाऊंनी केले ते वरवर पाहता अगदी साधे होते. त्यांनी राजाचे कपडे बदलले. मुकुट उतरला आणि त्या जागी शेटजींची टोपी, सावकाराची वही आणि पुढाऱ्याचा हार आला. आता मात्र हसताना काही जणांना इकडेतिकडे पाहावे लागू लागले.

ह्या वाटेने अण्णा भाऊंच्या आधी कोणी गेलेच नव्हते असे मात्र नाही. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत ह्या समाजाच्या कार्यकर्त्यांनी तमाशाच्याच घाटाचे जलसे उभे केले. त्यांच्या गणात सत्याचे गुणगान असे, आणि संवादात कर्मकांडावर व सावकारीवर कोरडे ओढलेले असत. त्यांच्यामागून नाशिककडचे भीमराव कर्डक आणि इतर जलसाकार यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा विचार गाण्यांतून आणि संवादांतून खेडोपाडी नेला. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याला विचार कळत नाही, हा पढिकांचा समज ह्या मंडळींनी आधीच खोटा पाडला होता.

अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे झाला. पाळण्यातले नाव तुकाराम. वाटेगाव हे वाळवे तालुक्यातले गाव; तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होते, आता सांगलीत आहे. ह्या तालुक्याची माती शाहिरीला मानवणारी खरी. लावणीसम्राट पठ्ठे बापूराव ह्याच तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. कुलकर्ण्यांच्या घरात जन्मलेला तो माणूस सगळे सोडून तमाशाच्या फडात रमला. अण्णा भाऊंची गोष्ट वेगळी. ते जन्मले मातंग समाजात, गावकुसाबाहेर. इंग्रज सरकारने ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, त्या शिक्क्याची झळ त्या भागातल्या ह्या समाजालाही लागली होती. रात्रीबेरात्री हजेरी देणे काय असते हे त्यांनी लहानपणी पाहिले. तो कायदा देशातून गेला १९५२ साली. शाळेशी त्यांचा संबंध एक-दोन दिवसांपुरताच आला असे सांगतात. मग आईबापांबरोबर पायी चालत ते मुंबईला आले.

मुंबईत त्यांनी हमाली केली, फेरीवाल्याचे गाठोडे वाहिले, गिरणीत काम केले. अक्षरओळख झाली ती दुकानांच्या पाट्या वाचत वाचत. मध्यंतरी गावी परतले तेव्हा नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात त्यांनी उमेदवारी केली. अशा रीतीने दोन शाळा झाल्या : तमाशाची एक, कामगारवस्तीची दुसरी. माटुंग्याच्या लेबर कँपात ते राहू लागले आणि तिथे कम्युनिस्ट कार्यकर्त्यांच्या सहवासात आले. त्यांची अगदी पहिली रचना ह्या वस्तीतल्या डासांवर होती असे सांगतात. शिक्षकबंधूंनी ह्या गोष्टीकडे जरूर पाहावे. कवितेचा पहिला विषय फूल नाही, चंद्र नाही. रात्रभर झोपू न देणारा डास! वस्तीत डास का होतात? गटार तुंबते म्हणून. गटार का तुंबते? ते साफ करणारे कोणी येत नाही म्हणून. का येत नाही? इथे गरीब राहतात म्हणून. डासापासून निघालेला माणूस तीन पावलांत नगरपालिकेच्या दारात पोचतो. स्थानिक राजकारण म्हणतात ते हेच.

१९४३ च्या सुमारास अण्णा भाऊंनी स्टालिनग्राडच्या लढ्यावर पोवाडा रचला. बंगालच्या दुष्काळावर त्यांनी लिहिले, आणि फाळणीच्या वेळच्या पंजाब-दिल्लीच्या दंग्यावरही लिहिले. ज्या चाळीत वर्तमानपत्र येत नव्हते तिथे दूरदेशीची बातमी डफावर येऊ लागली. १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे राहिले. त्यात तीन शाहीर प्रमुख होते : अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर. अमर शेख हे बार्शीचे. त्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. मोटारीवर क्लीनर म्हणून आणि गिरणीत कामगार म्हणून त्यांनी दिवस काढलेले. आवाज असा की मैदानाच्या टोकाला उभ्या माणसालाही शब्द नि शब्द ऐकू जावा. मातंगाच्या घरचा एक, मुसलमानाच्या घरचा दुसरा, आणि सोबत गवाणकर. अशा मंडळींनी मराठी शाहिरीची धुरा खांद्यावर घेतली. महाराष्ट्राची वाणी कोणाच्या घरी पाणी भरते, ह्याचे उत्तर जातीच्या दाखल्यात सापडत नाही ते असे.

आता ह्या मंडळींनी तमाशाच्या घाटात काय ठेवले आणि काय बदलले ते पाहू. गण ठेवला, पण वंदन गणपतीऐवजी मायभूमीला, कष्टकऱ्यांना आणि हुतात्म्यांना. गौळण गाळली. अंगविक्षेपाचा शृंगार गाळला. डफ, ढोलकी आणि तुणतुणे तसेच ठेवले, कारण तो आवाज ऐकला की गावाकडून आलेल्या गिरणी कामगाराचे पाय आपोआप तिकडे वळत. बतावणी ठेवली आणि तिला धार लावली. वग ठेवला, पण तो लिहून काढला, आणि तो पुस्तकरूपाने छापलाही गेला. ह्यामुळे एका ठिकाणचा वग दुसऱ्या गावच्या पोरांनाही करता येऊ लागला. अर्थात छापील कागद जसा कार्यकर्त्याच्या पिशवीत जातो तसा तो सरकारी टेबलावरही जातो, हे पुढे दिसून आले.

वगांची नावेच बघा ना : ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचं इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘पुढारी मिळाला’, ‘बिलंदर बुडवे’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’. नाव ऐकूनच माणूस अर्धा हसतो. पण ह्या हसण्यामागचा काळ हसण्यासारखा नव्हता. लढाईच्या दिवसांत धान्य रेशनवर आले, कापड मिळेना, आणि काळ्या बाजारात मात्र सगळे मिळू लागले. १९४६ च्या प्रांतिक निवडणुकीत मत देण्याचा हक्क मालमत्ता, शिक्षण अशा अटींनी बांधलेला होता. प्रत्येक सज्ञान स्त्री-पुरुषाला मत मिळाले ते १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत. आणि १९५१ ची खानेसुमारी सांगते की त्या वेळी भारतात शंभरांतली सुमारे १८ माणसेच साक्षर होती. म्हणजे मत सगळ्यांना, अक्षर थोड्यांना. जाहीरनामा छापून वाटला तर वाचणार कोण? अशा वेळी शेटजी मते मागायला कसा निघतो, कोणाच्या खांद्यावर हात ठेवतो आणि निवडून आल्यावर तो हात कोणाच्या खिशात जातो, हे दोन तासांच्या वगात बसल्या जागी कळत होते. मताचे शिक्षण हे असेही झाले आहे.

विनोदाची किल्ली कोणती? मोठ्या माणसाचा मोठा शब्द पकडायचा आणि तो लहान माणसाच्या पोटाला लावून पाहायचा. एक उदाहरण देतो. हे कोणत्याही वगातले नाही, केवळ रीत दाखवण्यासाठी रचलेले आहे. समजा, दौऱ्यावर आलेले मंत्री म्हणाले, “देश अडचणीत आहे, प्रत्येकाने पोटाला चिमटा घ्यावा.” सोंगाड्या लगेच सदरा वर करून आपले पोट चाचपतो, चिमटीत काहीच येत नाही, आणि मग मंत्र्यांच्या पोटाकडे बघून विचारतो, “साहेब, आमच्याकडं धरायला काय उरलंच न्हाई. तुमच्या पोटाला घेतला तर देशाला चालंल का?” बस्स. यात शिवी नाही, आरडाओरड नाही. पण एकदा हा सवाल ऐकलेल्या माणसाला खरा मंत्री गावात आल्यावर त्याच्या पोटाकडे बघितल्याशिवाय राहवत नाही. आणि ज्याला आपण हसलो त्याची भीती पहिल्यासारखी उरत नाही. जुन्या वगात सोंगाड्या हा राजाचा गडी होता. ह्या वगांत तो शेतकरी झाला, कामगार झाला. विदूषकाचा हजरजबाब आता प्रजेच्या तोंडी आला.

सत्तेला हे रुचणे कठीणच होते. नाटकांना आवर घालणारा कायदा इंग्रजांनी १८७६ सालीच करून ठेवला होता, आणि १९१० मध्ये खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर बंदी आली ती ह्याच कायद्याच्या जोरावर. स्वातंत्र्य आले तेव्हा मुंबई राज्यात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ होते. ह्या काळात अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घालण्यात आली. शेकडो फडकऱ्यांच्या पोटावर पाय आला. पुढे दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली गेली आणि अटी घालून तमाशा पुन्हा सुरू झाला. लाल बावटा कलापथकावरही बंदी आली. तिचे कारण मात्र राजकीय होते. १९४८ नंतर कम्युनिस्टांची धरपकड चालू होती, त्यात त्यांचे शाहीरही आले. तमाशाला ‘लोकनाट्य’ हे नाव रूढ करण्याचे श्रेय अण्णा भाऊंना देतात ते ह्याच संदर्भात. जुने नाव बदनाम झाले होते. नव्या नावाने तोच घाट सन्मानाने उभा राहिला. पुढे शहरातल्या नाट्यगृहांत जी लोकनाट्ये गाजली त्यांची वाट अशी मोकळी झालेली आहे.

ह्या शाहिरीची खरी कसोटी लागली ती संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात. १९५५ साली राज्य पुनर्रचना मंडळाचा अहवाल आला आणि त्यात मराठी भाषकांचे एक राज्य नव्हते. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर गोळीबार झाला आणि १५ माणसे पडली. १६ जानेवारी १९५६ ला मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि पुन्हा गोळ्या झडल्या. ६ फेब्रुवारीला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. १ नोव्हेंबर १९५६ पासून गुजराती-मराठी असे मोठे द्विभाषिक अस्तित्वात आले. एकूण शंभराहून अधिक माणसांनी ह्या लढ्यात प्राण दिले.

वाद तसा किचकट होता. मंडळाचा अहवाल, त्रिराज्य योजना, केंद्रशासन, द्विभाषिक : हे शब्द खेड्यातल्या माणसाला कसे सांगावेत? आचार्य अत्रे यांचा ‘मराठा’ १९५६ च्या नोव्हेंबरात सुरू झाला आणि वाचणाऱ्यांना त्याने पेटवले. न वाचणाऱ्यांसाठी शाहीर होते. अमर शेख, अण्णा भाऊ, गवाणकर, आत्माराम पाटील अशा शाहिरांनी मैदाने भारून टाकली. मुंबईवर हक्क कोणाचा, हा त्या वादाचा गाभा. भांडवल घालणारे म्हणत, शहर आम्ही उभारले. अण्णा भाऊंच्या ‘माझी मुंबई’ ह्या वगाचे दुसरे नावच ‘मुंबई कुणाची’ असे आहे. गिरणीचा भोंगा झाला की जो उठतो, गोदीत जो ओझे वाहतो, त्याचे ह्या शहरावर काही नाव आहे की नाही, असा त्या वगाचा रोख. प्रांताचा प्रश्न त्यांनी पोटाच्या प्रश्नाशी जोडला, आणि म्हणून तो गिरणगावाला आपला वाटला. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने समितीला भरभरून मते दिली. त्या मतांत गाण्याचा वाटा किती हे तराजूत घालून सांगता येणार नाही, पण तो नव्हता असे त्या सभा पाहिलेला कोणीही म्हटला नसता.

ह्या काळातल्या एका रचनेचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. ती म्हणजे ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड. छक्कड हा तमाशातला जुना प्रकार. विरहाचे गाणे म्हटले की त्यात रडते ती बहुधा बाई. तिचा सखा दूर गेलेला असतो आणि दोष दैवाला दिला जातो. अण्णा भाऊंनी हे उलटे केले. इथे झुरतो तो पुरुष, मुंबईत पोटासाठी आलेला. बायको गावी राहिली ती दैवामुळे नाही, दारिद्र्यामुळे. गाणे असे घरातल्या दुःखापासून निघते, मुंबईची श्रीमंती आणि गरिबी दाखवते, लढ्यात शिरते, आणि मग ऐकणाऱ्याच्या ध्यानात येते की गावावर राहिलेली मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला बेळगाव-कारवारचा मुलूखही आहे. नकाशावरची रेघ म्हणजे काय हे शंभर व्याख्यानांनी पटले नसते. ताटातूट म्हणजे काय हे मात्र गिरणीतल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होते, कारण त्या काळी असंख्य कामगार खोलीत दहा-बारा जणांसोबत राहत आणि त्यांची बायकापोरे गावी असत.

इथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. त्या काळात पक्षाच्या प्रचारासाठी शेकडो गाणी लिहिली गेली आणि निवडणूक उरकली तशी ती विरूनही गेली. ही छक्कड टिकली. अमर शेखांनी ती गाजवली, पुढे विठ्ठल उमपांनी ती नव्या पिढीला ऐकवली. घोषणेला गाण्याचा अंगरखा घातला तर तो लवकर विटतो. माणसाचे दुःख आधी आणि राजकारण मागून आले तर गाणे जगते. राजकीय शाहिरीचा हा धडा अजून जुना झालेला नाही.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. फ्लोरा फाउंटनपाशी हुतात्मा स्मारक उभे राहिले. त्यावर मशाल धरलेल्या दोन मूर्ती आहेत, एक शेतकऱ्याची आणि एक कामगाराची. कलापथकाच्या खेळाला जमणारा श्रोता तो हाच. पण सगळे मागणे पुरे झाले नाही. बेळगाव, कारवार, निपाणी हा भाग म्हैसूर राज्यात राहिला. महाजन आयोग नेमला गेला १९६६ मध्ये, आणि २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. मैना गावावरच राहिली.

शाहिरांचे काय झाले? अण्णा भाऊ लिहीत राहिले. त्यांच्या ‘फकिरा’ कादंबरीला १९६१ मध्ये राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले आणि त्या प्रवासावर त्यांनी पुस्तक लिहिले. पण घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीतले त्यांचे दिवस काही फारसे पालटले नाहीत. १८ जुलै १९६९ रोजी, वयाची पन्नाशीही न गाठता, ते गेले. त्यानंतर सहा आठवड्यांत, २९ ऑगस्टला, अमर शेख मोटार अपघातात गेले. एका पावसाळ्यात दोन डफ मुके झाले. २००२ साली भारताच्या टपाल खात्याने अण्णा भाऊंचे तिकीट काढले आणि २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा बसवण्यात आला. ज्या सरकारी खुर्चीची त्यांनी टिंगल केली तिनेच पुढे त्यांना हार घातला. हा हार खोटा आहे असे मी म्हणणार नाही. पण हार घातला म्हणजे सवालाचे उत्तर दिले असे होत नाही. गटार तुंबलेले असेल तर ते पुतळ्याला हार घातल्याने वाहते होत नाही.

शेवटी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. इतिहास म्हणजे तहनामे आणि तारखा, एवढीच मुलांची समजूत होऊन बसलेली असते. आपल्या गावात जलसा येऊन गेला असेल, संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी कोणी डफ धरला असेल, पाण्यासाठी, शाळेसाठी, मजुरीसाठी कोणी गाणे जोडले असेल. ज्यांना ते आठवते अशी माणसे दर वर्षी कमी होत आहेत. मुलांना वही घेऊन त्यांच्याकडे पाठवा. गाणे कोणी रचले, कोणत्या साली म्हटले, कोणावर म्हटले आणि ते ऐकून कोण हसले नाही, एवढे चार प्रश्न पुरे. चौथा प्रश्न मात्र विसरू नका. गावची सत्ता त्या वेळी कोणाच्या हाती होती, हे त्याच्याच उत्तरात सापडेल.